गाडी नुसतं ‘वाजव’ म्हणते, कोणी वाजवायचं ते फोन ठरवतो

अहमदपूरच्या एका सरांनी विचारलंय: ‘रोज गाडीनं लातूरला जाणं-येणं आहे. सकाळी निघताना मला स्पॉटिफायवरचे अभंग हवे असतात. पण फोन गाडीला जोडला गेला की कधी यूट्यूब म्युझिक सुरू होतं, कधी मुलानं फोनमध्ये भरलेली डीजेची गाणी. बायकोच्या आयफोनवर तर दरवेळी तेच एक गाणं पहिल्यापासून. फोन अँड्रॉइड आहे, गाडीत स्क्रीनवाला टेप आहे. टेपची सगळी सेटिंग धुंडाळली, पण कुठलं अ‍ॅप वाजवायचं हे तो कुठंच विचारत नाही. हे नेमकं ठरतं कुठं?’

सर, ते सेटिंग तुम्हाला गाडीत सापडलं नाही, कारण ते गाडीत नसतंच. लातूरला गाड्यांच्या टेपचं काम करता करता मला वीस वर्षं होऊन गेली. (कॅसेट जाऊन जमाना झाला, पण आमच्याकडं स्क्रीनवाल्या स्टिरिओलाही गिऱ्हाईक टेपच म्हणतं आणि मीही म्हणतो.) ह्या वर्षांत वायरिंगच्या तक्रारी कमी होत गेल्या आणि ‘भाऊ, आपोआपच वाजायलंय की’ ही तक्रार वाढत गेली. बहुतेकांचा राग टेपवर असतो. काही जण तर टेप बदलायच्या तयारीनंच येतात. मी आधी त्यांना खुर्चीत बसवतो आणि आत काय घडतं ते सांगतो, कारण नवा टेप घातला तरी तेच होणार असतं. तुम्हालाही तेच आधी सांगतो. ते एकदा कळलं की पुढं फोन बदला, गाडी बदला, तुमचं तुम्हाला शोधता येईल.

ब्लूटूथवर फोन आणि गाडी ह्यांच्यात तीन वेगवेगळ्या वाटा असतात. एक कॉलची, तिला एचएफपी म्हणतात. दुसरी गाण्याच्या आवाजाची, ए-टू-डीपी. तिसरी रिमोटची, एव्हीआरसीपी. स्टेअरिंगवरचं ‘पुढचं गाणं’ बटण दाबलं की तो आदेश ह्या तिसऱ्या वाटेनं फोनपर्यंत जातो. वाजव, थांबव, पुढचं, मागचं, असे साधे आदेश. आता तुम्ही चावी फिरवली, टेप जागा झाला, त्यानं तुमचा फोन ओळखून जोडला, की पुष्कळ टेप ह्याच वाटेनं स्वतःहून ‘वाजव’ असा आदेश धाडतात. माणूस गाडीत बसला म्हणजे त्याला गाणं हवंच असणार, अशी टेप बनवणाऱ्यांची समजूत. पण त्या आदेशात अ‍ॅपचं नाव नसतं. गोंधळात यजमान नुसतं ‘होऊ द्या’ म्हणतो आणि ज्याच्या कमरेला संबळ बांधलेला आहे तो वाजवायला लागतो. गाडी ‘होऊ द्या’ म्हणते. संबळ कोणाकडं आहे ते फोन बघतो.

अँड्रॉइड ते कसं बघतो? 2017 साली आलेल्या 8.0 आवृत्तीपासून नियम असा आहे की ज्या अ‍ॅपनं ह्या फोनवर सगळ्यात शेवटी गाणं किंवा आवाज वाजवला, आदेश त्याला जातो. ते अ‍ॅप तोवर बंद झालेलं असलं, तर फोन त्याला हाक मारून उठवायचा प्रयत्न करतो. म्हणजे रात्री मुलानं तुमचा फोन घेऊन यूट्यूब म्युझिकवर अर्धा मिनिट काही ऐकलं असेल, तर सकाळचा ‘वाजव’ तिकडं जाणार. तुम्ही क्रोममध्ये बातमीचा व्हिडिओ बघितला असेल तर तोही मध्ये येऊ शकतो. तुम्हाला ‘कधी हे, कधी ते’ असं वाटतंय ते म्हणूनच. लहरीपणा नाही तो, आदल्या रात्रीचा हिशोब आहे.

दुकानात मी हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवतो, तुम्हीही एकदा उभ्या गाडीत करा. फोनवर स्पॉटिफाय उघडा, दहा सेकंद अभंग वाजवा, थांबवा. वरची पट्टी खाली ओढली की गाण्याचं कार्ड दिसतं, त्यावर स्पॉटिफायचं चिन्ह आहे ना, बघा. फोन लॉक करून ठेवून द्या. चावी बंद. टेपचा पडदा पूर्ण काळा होईपर्यंत थांबा, हे महत्त्वाचं आहे, कारण काही टेप दार उघडेपर्यंत जागेच राहतात. आता चावी चालू. बऱ्याच टेपवर आधी फोनचं नाव येतं, मग कॉलचं चिन्ह लागतं, त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी गाण्याचं चिन्ह, आणि अभंग जिथं तुटला होता तिथून पुढं सुरू. पुन्हा फोन घ्या, यूट्यूब म्युझिकवर दहा सेकंद दुसरं काही वाजवून थांबवा. चावी बंद, पडदा काळा, चावी चालू. ह्या खेपेला यूट्यूब म्युझिक. गाडी तीच, टेप तोच, कुठल्या सेटिंगला हात लावलेला नाही.

तिसरी फेरी मात्र जास्त शिकवते. स्पॉटिफाय वाजवा, थांबवा, आणि मग चालू अ‍ॅपच्या यादीतून ते वर सरकवून काढून टाका. बॅटरी वाचावी म्हणून पुष्कळ जण हे सवयीनं करतात. इथं निकाल फोनागणिक बदलतो. काही फोन स्पॉटिफायला उठवून पुन्हा वाजवतात. काही फोन बॅटरीच्या बाबतीत फार कडक असतात, ते सरकवलेल्या अ‍ॅपला उठू देत नाहीत. मग आदेश दुसऱ्या कोणाकडं तरी जातो, किंवा कोणीच उठत नाही आणि गाडी मुकी राहते. तुमच्या फोनवर काय होतं हे कळलं की अर्धं काम झालं.

ही गोष्ट मी इतकी मनावर का घेतो ते सांगतो. गेल्या वर्षी जवळच्याच एका गावातले एक जण आले. दवाखान्यात वडील वारले होते. वडिलांना रुग्णवाहिकेतून गावाकडं न्यायचं ठरलं, आणि हे मागं स्वतःच्या गाडीनं निघाले, शेजारी आई. चावी फिरवली आणि मोठ्या आवाजात वरातीचं गाणं सुरू झालं. आठ दिवस आधी पुतण्याच्या लग्नात कोणीतरी त्यांच्याच फोनवरून वाजवलेलं. हात थरथरत होते, बटण सापडत नव्हतं, आणि दवाखान्याच्या दारातली माणसं बघत होती. चौदावा झाल्यावर ते आले आणि मला म्हणाले, ‘टेपच काढून टाका भाऊ, आईला ती गाडी नको झालीय.’ टेप मी काढला नाही. पण त्या दिवसापासून कुणी ‘आपोआप वाजतं’ म्हटलं की मी आधी विचारतो, तुम्हाला आपोआप वाजायला हवं आहे का, की आपण स्वतः लावल्याशिवाय काहीच वाजू नये? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

तुम्हाला अभंग आपोआप हवेत, म्हणून तुमचा मार्ग आधी घेतो. पण सुरुवातीला एक छोटी खात्री करून घ्या. फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करून गाडी चालू करा. तरीही गाणं सुरू झालं, तर तुमच्या फोनचा संबंधच नाही. टेपमध्ये पेनड्राइव्ह लागलेला असेल, किंवा तो अँड्रॉइडवाला टेप असेल आणि त्याच्या आतलंच एखादं प्लेअर उठत असेल. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड टेपमध्ये हे फार होतं. त्यात स्वतःची अ‍ॅप असतात, स्वतःची साठवण असते, आणि लोक आठवडाभर फोनची सेटिंग बदलत बसतात. मुलानं डीजेची गाणी फोनबरोबर टेपमध्येही भरली नाहीत ना, हे त्याला विचारून घ्या.

फोनचंच काम आहे असं ठरलं, तर नको असलेल्या अ‍ॅपचं तोंड आधी बंद करू. यूट्यूब म्युझिकच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये बाहेरच्या उपकरणांना वाजवणं सुरू करू देण्याबद्दल एक बटण आहे, ‘अलाऊ एक्स्टर्नल डिव्हायसेस टू स्टार्ट प्लेबॅक’. ते बंद करा. गाडी, इअरफोन, हे सगळे त्यात आले. डीजेची गाणी ज्या प्लेअरमध्ये वाजतात त्याच्या सेटिंगमध्येही हेडसेट आणि ब्लूटूथचा भाग शोधा. पॉवरअँपसारख्या प्लेअरमध्ये ब्लूटूथ जोडलं की पुन्हा सुरू व्हायचं की नाही, असं स्पष्ट बटण असतं. ते प्लेअर कोणी वापरतच नसेल, तर अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन ‘डिसेबल’ करा. फोनबरोबर आलेली काही अ‍ॅप काढता येत नाहीत, पण डिसेबल करता येतात. ‘फोर्स स्टॉप’ हा तात्पुरता इलाज आहे. त्यानं अ‍ॅप गप्प होतं ते पुन्हा कोणी उघडेपर्यंतच, आणि तुमच्या घरात ते संध्याकाळपर्यंत उघडलं जाणार.

मग स्पॉटिफायला जागं राहू द्या. सेटिंगमध्ये स्पॉटिफायच्या पानावर बॅटरीचा भाग असतो, तिथं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी परवानगी असते, तीही चालू करा. यादीतून सरकवून टाकायची सवय सोडा, निदान ह्या एका अ‍ॅपपुरती. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी मी वयस्कर गिऱ्हाइकांना सांगतो आणि पुष्कळांचं तेवढ्यावरच भागतं: रात्री फोन चार्जिंगला लावण्याआधी, किंवा सकाळी चहा घेताना, हवं ते अ‍ॅप उघडून दहा सेकंद वाजवा आणि थांबवा. संबळ त्याच्या कमरेला बांधून ठेवला, झालं. बाकी काहीही नाही केलं तरी गाडीत तेच वाजेल.

पण घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर रोजची ही आठवण राहत नाही. त्यासाठी फोनलाच शिकवून ठेवायचं. मॅक्रोड्रॉइड आणि टास्कर ही दोन अ‍ॅप मी वापरतो. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ आधीपासूनच असतं. सगळीकडं मांडणी एकच: ‘असं झालं तर’ आणि ‘तसं कर’. ‘असं झालं तर’ मध्ये ब्लूटूथ उपकरण जोडलं गेलं हे निवडायचं आणि यादीतून आपल्या गाडीच्या टेपचं नाव घ्यायचं. ‘कुठलंही उपकरण’ निवडू नका, नाहीतर कानातली बटणं लावली तरी अभंग सुरू होतील. ‘तसं कर’ मध्ये आधी थोडं थांबायचं. लोक इथंच चुकतात. कॉलची वाट जोडली गेली की फोनच्या लेखी गाडी जोडली गेली, पण बऱ्याच गाड्यांत गाण्याची वाट त्यानंतर उघडते आणि टेपचा स्वतःचा ‘वाजव’ त्याच्याही नंतर येतो. तुमचा नियम त्याआधी चालला, तर गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजतं किंवा टेपचा आदेश पुन्हा घोळ घालतो. म्हणून पाच ते आठ सेकंद थांबा असं घाला, मग स्पॉटिफाय उघड, मग ‘वाजव’. टास्कर आणि मॅक्रोड्रॉइडमध्ये हा ‘वाजव’ नेमक्या अ‍ॅपच्या नावानं धाडता येतो, तसाच धाडा. किती सेकंद थांबायचं हे तुमच्या टेपवर ठरतं. वर सांगितलेली चावीची फेरी दोन-तीनदा करून आकडा बसवा.

गाडी बंद झाल्यावरचा उलटा नियमही करून ठेवा: टेपचं नाव तुटलं की थांबव. एरवी फोन आपणहून थांबतो, पण एखाद्या वेळी नाही थांबला तर शाळेच्या दारात खिशातून अभंग ऐकू येतो.

तुमच्या टेपमध्ये अँड्रॉइड ऑटो (फोनमधले नकाशे, गाणी टेपच्या पडद्यावर आणणारी सोय) असेल आणि तुम्ही तेच वापरत असाल, तर थोडं वेगळं आहे. वायरशिवाय चालणाऱ्या अँड्रॉइड ऑटोत ब्लूटूथ फक्त ओळख करून द्यायला आणि कॉलला लागतं. नकाशा, गाणी, सगळं वायफायवरून जातं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्टेड डिव्हायसेस’च्या आत अँड्रॉइड ऑटोचं पान आहे, तिथं ‘स्टार्ट म्युझिक ऑटोमॅटिकली’ हे बटण शोधा. चालू असेल तर अँड्रॉइड ऑटो जोडल्यावर शेवटचं अ‍ॅप पुढं चालू करतं. बंद केलं तरी काही गाड्यांत गाणं सुरू होतंच, कारण टेप त्याच्या बाजूनं ‘वाजव’ म्हणत राहतो. म्हणजे पुन्हा तेच दोन प्रश्न: गाडी म्हणतेय का, आणि फोननं ते कोणाला दिलं.

इथंच तीन गोष्टींत वेळ घालवू नका, कारण त्या सुचवणारे पुष्कळ भेटतात. अँड्रॉइडच्या ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’च्या यादीत ब्राउझर आहे, फोन आहे, मेसेज आहेत, गाण्याच्या अ‍ॅपचा रकानाच नाही. गुगल असिस्टंटच्या सेटिंगमध्ये संगीतासाठी आवडतं अ‍ॅप निवडता येतं, पण ते तुम्ही तोंडानं ‘अभंग लाव’ म्हणाल तेव्हासाठी. ब्लूटूथच्या मुक्या आदेशाला ते लागू नाही. आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एव्हीआरसीपीची आवृत्ती बदलता येते, तिनं टेपवर गाण्याचं नाव दिसणं किंवा बटणं चालणं सुधारू शकतं, पण अ‍ॅपची निवड बदलत नाही. तिथली बाकीची बटणंही तशीच राहू द्या.

आता मॅडमचा आयफोन. तिथला नियम जवळपास तसाच आहे, पण शेवटी एक फरक आहे आणि तोच त्यांना छळतोय. शेवटी वाजवलेलं अ‍ॅप अजून मागं जिवंत असेल तर आयफोन ‘वाजव’ त्याला देतो. ते सरकवून टाकलेलं असेल, किंवा फोननंच जागा करायला बंद केलं असेल, तर आदेश अ‍ॅपलच्या स्वतःच्या म्युझिक अ‍ॅपकडं जातो. आणि काय वाजवायचं हे त्यालाही ठाऊक नसेल, तर ते पुष्कळदा फोनमधल्या गाण्यांच्या यादीत नावानं सगळ्यात पहिलं असलेलं गाणं लावतं. म्हणून दरवेळी तेच, आणि पहिल्यापासून. मॅडमच्या फोनमध्ये बघा, त्या गाण्याचं नाव इंग्रजी ‘ए’ अक्षरानं सुरू होत असेल. हे दुखणं जगभरचं आहे. 2017 साली अमेरिकेत एकानं जवळपास दहा मिनिटांचं, काहीच न वाजणारं गाणं विकायला ठेवलं होतं. नावाच्या सुरुवातीला ‘ए’ची रांग लावली होती, म्हणजे यादीत ते सगळ्यात वर यावं आणि गाडीत बसल्यावर शांतता मिळावी. लोकांनी पैसे देऊन इतकं विकत घेतलं की ते आयट्यून्सच्या विक्रीच्या यादीत वर चढलं.

तशी रिकामी फाइल तुम्हीही करू शकता, पण माझं मत त्याहून सोपं करावं असं आहे. मॅडम म्युझिक अ‍ॅप वापरत नसतील, तर त्यातली उतरवलेली गाणी काढून टाका. वाजवायला काही उरलं नाही की ते गप्प बसतं. म्युझिक अ‍ॅपच काढून टाकणंही शक्य आहे आणि ते लागलं तर नंतर पुन्हा घेता येतं.

त्यांना नियमच करायचा असेल तर ‘शॉर्टकट्स’ हे अ‍ॅप आयफोनमध्येच असतं. त्यात ‘ऑटोमेशन’ उघडा, नवीन करा, ‘ब्लूटूथ’ निवडा, यादीतून गाडी निवडा आणि ‘रन इमिजिएटली’ वर ठेवा, नाहीतर दरवेळी फोन परवानगी विचारत बसेल. गाडीत कारप्ले (आयफोनसाठीची तशीच सोय) असेल तर ब्लूटूथऐवजी ‘कारप्ले’ निवडता येतं. आत क्रिया दोन: पाच-सहा सेकंद थांब, आणि मग ‘प्ले/पॉज’ मध्ये ‘पॉज’. म्हणजे टेपनं काहीही सुरू केलं तरी ते लगेच थांबतं. ‘अ‍ॅप उघड’ ही क्रियाही आहे, पण फोन लॉक असला की आयफोन अ‍ॅप उघडू देत नाही, आधी लॉक काढायला सांगतो. पर्समधल्या फोनसाठी ती कामाची नाही. आयफोनच्या 18.2 आवृत्तीत ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ची यादी आली तेव्हा मीही आशेनं उघडून बघितली होती, ब्राउझर होता, ईमेल होता, कॉल होते, गाण्याचं अ‍ॅप नव्हतं.

आणि मॅडम चार्जिंगसाठी फोन गाडीच्या यूएसबीला लावतात का? आयफोन तिथं लावला की टेपच्या लेखी गाण्याचं दुसरं साधन जोडलं गेलं, आणि तिथून वेगळा ‘वाजव’ निघतो. ब्लूटूथचं सगळं नीट करूनही वाजत असेल तर बहुतेक वेळा हेच असतं. लायटरच्या सॉकेटमध्ये साधा चार्जर लावला की तो फक्त वीज देतो, गाणं मागत नाही.

वडील गेलेल्या त्या गिऱ्हाइकांना आपोआप काहीच नको होतं. त्यांच्या टेपमध्ये ब्लूटूथच्या पानावर ‘ऑटो प्ले’चं बटण निघालं, ते बंद केलं. सगळ्या टेपमध्ये ते नसतं. नसेल तर दुसरा मार्ग असा: गाडी बंद करण्याआधी टेप रेडिओवर ठेवायचा. पुष्कळ टेप चालू होताना शेवटच्या साधनावर परत जातात, आणि रेडिओवर असले की फोनला ‘वाजव’ म्हणत नाहीत. कॉल मात्र नीट येतात-जातात. त्याहून पक्कं करायचं तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावासमोरचं चाक दाबायचं आणि ‘मीडिया ऑडिओ’ बंद करायचं, ‘कॉल’ चालू ठेवायचं. आवाजाची वाटच बंद. त्यांच्या टेपमध्ये सुरुवातीच्या आवाजाची पातळीही ठरवता येत होती, ती मी खाली आणून ठेवली. तुमच्याही टेपमध्ये असेल तर तेवढं करूनच घ्या, आपोआप वाजायला हवं असणाऱ्यांनी तर नक्की. मांजरसुंब्याचा घाट उतरताना पूर्ण आवाजात काही अचानक सुरू झालं तर पाय आणि नजर दोन्ही दचकतात. आणि ते थांबवायला फोन हातात घेणं त्याहून वाईट: 2019 च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात फोन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात धरलं आहे. पहिल्याच वेळी 1000 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. दंडाचं सोडा, समृद्धीवर 120 च्या वेगात गाडी सेकंदाला तेहेतीस मीटर जाते. फोनकडं तीन सेकंद बघितलं की शंभर मीटर न बघता गेले.

तुमच्या घरात एक गोष्ट आणखी तपासा. टेपमध्ये तुमचा, मॅडमचा, मुलाचा, असे तीन फोन नोंदलेले असणार. गाडी अंगणात उभी असते, फोन आत खोलीत. ब्लूटूथ साधारण दहा मीटर पोचतं, दार-खिडकीतून सहज. सकाळी तुम्ही चावी फिरवली आणि तुमच्या फोनआधी आतल्या मुलाच्या फोननं टेप धरला, तर डीजे तुमच्या फोनमधला नाही, त्याच्या फोनमधला आहे. टेपच्या पडद्यावर कोणाच्या फोनचं नाव आलंय, हे पहिल्यांदा बघा. जोडलेल्या फोनच्या यादीत अग्रक्रम ठरवता येत असेल तर तुमचा पहिला ठेवा. नसेल तर मुलाच्या फोनवर ह्या गाडीसाठी ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा, त्याला कॉलपुरतं राहू द्या.

अभंगांबद्दल एक: अहमदपूर-लातूर रस्त्यावर मध्येच नेट जातं तेव्हा अ‍ॅप बरोबर निवडलं जाऊनही आवाज येत नाही, आणि माणसाला वाटतं सेटिंग बिघडलं. रोज ऐकायचे अभंग स्पॉटिफायवर उतरवून ठेवा, त्यासाठी पैसे भरलेलं खातं लागतं. ते नको असेल तर तेच अभंग तुमच्याकडं फाइलच्या रूपात असल्यास एक छोटा पेनड्राइव्ह घ्या, एफएटी 32 मध्ये फॉरमॅट करा, टेपला लावून ठेवा आणि सकाळचं साधन तेच ठेवा. फोनचा विषयच संपतो. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या गाडीत मी हेच केलंय. चावी फिरवली की हरिपाठ सुरू होतो.

एवढं करून अडलं तर तीन गोष्टी कळवा: टेपवर जोडला गेल्यावर कोणाच्या फोनचं नाव येतं, फोनचं ब्लूटूथ बंद ठेवून चावी फिरवल्यावर काय होतं, आणि चावीच्या तिसऱ्या फेरीत, स्पॉटिफाय सरकवून टाकल्यावर, कोण वाजलं. टेपचं मॉडेल पडद्यावरच्या ‘अबाउट’च्या पानावर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो जोडा.